पांढरी कच्ची, पिवळी पिकलेली

सरांच्या मशीनशेजारी खिळ्याला दोऱ्यानं एक उडदाचा पापड टांगलेला असायचा. कच्चा, न भाजलेला. सकाळी प्रयोगशाळेत आल्यावर हातातली पिशवी ठेवायच्याही आधी सर त्याचा कोपरा मोडायचे आणि कान देऊन ऐकायचे. कट्‌कन आवाज आला तर मशीन चालू. पापड नुसताच वाकला तर त्या दिवशी सुट्टी. म्हणजे मशीनला सुट्टी, आम्हाला नाही. आम्हाला ते काचेची भांडी धुवायला लावायचे.

हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र बिघडलं होतं आणि नव्या यंत्राचा अर्ज ऑफिसात कुठंतरी पडून होता. हवा दमट असली की सरांचं काम बिघडायचं. म्हणून पापड.

प्रयोगशाळेचं दार उघडणारे चाचा रोज तोच विनोद करायचे. "सर, मैं तळून आणतो ना. ऐसे लटका के क्या मिलता?"

"चाचा, हा खायचा नाय. हा ऐकायचाय."

मी एम.एस्सी.ला आले तेव्हा पहिल्या दिवशी हेच पाहिलं. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. अशी प्रयोगशाळा कशी असते हे सांगणारं कुणी नव्हतं, त्यामुळं सगळीकडे मशीनजवळ पापड टांगतात असंच मी काही दिवस धरून चालले होते. हसायचं असतं हे मला दुसऱ्यांना हसताना बघून कळलं.

सरांना मुलांची नावं लक्षात राहायची नाहीत. गाव मात्र एकदा सांगितलं की पक्कं. "ए फर्दापूर, पिपेट कुठं ठेवली? लासूर, हात धू आधी. करमाड, तू लिही." करमाड म्हणजे मी. सुरुवातीला मला लाज वाटायची. शहरात आल्यावर जे थोडं मागं ठेवावं असं वाटत होतं, तेच सर दिवसातून वीस वेळा मोठ्यानं पुकारायचे. नंतर सवय झाली. आता मला त्या नावानं कुणी हाक मारत नाही.

मशीनचं काम सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. एका सिरिंजमध्ये पॉलिमरचं दाट द्रावण भरायचं. त्यात कोळंबीच्या कवचापासून काढलेलं कायटोसान असायचं. ते जंतू मारतं. सुईला फार मोठ्या दाबाची वीज जोडायची. मग सुईच्या टोकावरचा थेंब ताणला जाऊन त्याचा धागा सुटतो आणि समोर फिरणाऱ्या, ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळलेल्या नळकांड्यावर जाऊन बसतो. धागा इतका बारीक की डोळ्यांना दिसतच नाही. तासभर काही घडत नाही असं वाटतं. मग कागदावर धुकं धरल्यासारखं होतं, आणि संध्याकाळपर्यंत चिमट्यानं सोलून काढता येईल अशी पातळ पांढरी चादर तयार होते. तिची जखमेवर लावायची पट्टी करायची, हा सरांचा ध्यास. किती वर्षांपासून, ते चाचांनासुद्धा नक्की सांगता यायचं नाही.

ही पांढरी चादर पाणी लागलं की विरघळते. म्हणून ती नंतर बंद काचेच्या भांड्यात एका रसायनाच्या वाफेवर ठेवायची. वाफ लागली की तिचे धागे एकमेकांना घट्ट धरतात, ती पिवळसर होते आणि मग पाण्यात टिकते. हे सगळं मला आज इतकं स्वच्छ सांगता येतं. तेव्हा येत नव्हतं. तेव्हा सरांनी कपाट उघडून एवढंच सांगितलं होतं, "पांढरी कच्ची, पिवळी पिकलेली. रंग हेच लेबल. चिठ्ठ्या चिकटवत बसायला मी किराणा दुकान काढलेलं नाय."

सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली. वहीत लिहूनही घेतलं. कच्ची म्हणजे नेमकं काय, हे विचारावंसं वाटलं होतं. पण एकदा सांगितलेलं कळलं नाही असं म्हणणं म्हणजे आपण इथं चुकून आलोय हे कबूल करणं, असं मला वाटायचं. सरांच्या ते लक्षात येत असावं. लिहिता लिहिता माझं पेन थांबलं की ते म्हणायचे, "विचार की गं, करमाड. तोंड कशाला दिलंय?" मी म्हणायचे, "नाही सर, कळलं."

मे महिन्यातही सर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचे. मुलं त्यावर काहीबाही बोलायची. एकदा भांडी विसळताना त्यांनी बाही वर केली, तर कोपरापासून मनगटापर्यंत पट्टीचे चौकोनी तुकडे ओळीनं चिकटवलेले. प्रत्येक नवी पिवळी पट्टी ते आधी स्वतःच्या धड कातडीवर दिवसभर बाळगायचे. खाज येते का, लाल होतं का, बघायला.

"सर, असं कुणी करत नाही," फर्दापूरचा धीर करून म्हणाला.

"दुसऱ्याच्या अंगाला लावायची ना? मग आधी आपल्या अंगाला विचारावं," सर म्हणाले आणि बाही खाली केली.

त्यांच्या अंगाला कायम आंबट वास यायचा, द्रावणातल्या ॲसिडचा. शहर बसमध्ये लोक त्यांच्या शेजारी बसत नाहीत असं चाचा सांगायचे. घरी कोण असतं, हे आम्हाला कधीच कळलं नाही.

जंतू वाढवलेल्या काचेच्या ताटलीत पट्टीचा तुकडा ठेवला की दुसऱ्या दिवशी त्याच्याभोवती स्वच्छ गोल दिसतो, जिथं जंतू वाढलेले नसतात. त्याला पुस्तकात वेगळं नाव आहे. सर त्याला अंगण म्हणायचे. ताटली उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून म्हणायचे, "बघ, कसं झाडून काढलंय अंगण." त्यांना आनंद झालेला मी फक्त त्या वेळी पाहिलाय.

एकदा बाहेरून तपासणीला समिती आली. विभागप्रमुखांनी आदल्या दिवशी निरोप धाडला होता की पापड काढा. सरांनी तो काढला नाही. समितीतल्या एका साहेबांनी विचारलं, "हे काय आहे?"

"दमटपणा बघायला," सर म्हणाले. त्यांनी कोपरा मोडून दाखवला. "आज कोरडं हाय."

साहेब हसले. त्यांना राग आला नव्हता. त्यांनी पट्टी हातात घेतली, ताटल्या पाहिल्या, अंगण पाहिलं. खूश दिसत होते. मग म्हणाले, "छान. म्हणजे यानं जखम बरी होते तर."

"माहीत नाही," सर म्हणाले.

"म्हणजे?"

"ताटलीत जंतू मरतात. जखमेचं अजून तपासलेलं नाही. तपासायला परवानगी, पैसा, डॉक्टर लागतात. ते मिळालं की सांगतो."

विभागप्रमुख मागून डोळ्यांनी खुणा करत होते. एक 'हो' म्हणायला काय जात होतं, असं मलाही तेव्हा वाटलं. समिती गेली आणि पुढं काही आलं नाही. चाचा म्हणाले, "सर, थोडा तो झूठ बोलते." सर म्हणाले, "थोडं कुठवर, ते ठरवता येत नाय ना चाचा."

मी मात्र घरी वेगळंच सांगत होते. सुट्टीत गावी गेले की वडील विचारायचे, "काय करता गं तुम्ही तिथं?" त्यांना आम्ही दादा म्हणतो. पॉलिमर, जंतू, ताटली हे सगळं त्यांना कसं सांगावं ते मला सुचायचं नाही. म्हणून मी म्हणाले, "जखम बरी करणारी पट्टी बनवतो." दादांनी ते धरून ठेवलं. ओट्यावर बसलेल्या प्रत्येकाला सांगायचे, "माझी लेक जखमेची पट्टी बनवती. लई बारीक काम असतंय." मला बरं वाटायचं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या शिक्षणाचं त्यांना सांगता येण्यासारखं काहीतरी झालं होतं.

दादा शेंद्र्याच्या एका कारखान्यात उभ्यानं काम करायचे. त्यांना साखरेचा आजार होता. तळपाय बधिर झाले होते, पण ते कुणाला बोलले नव्हते. एका पाळीत त्यांच्या बुटात खडा गेला. आठ तास ते त्या खड्यावर उभे होते आणि त्यांना कळलं नाही. घरी येऊन बूट काढला तेव्हा मोजा लाल झालेला. आईनं हळद लावली. आठवड्यानं जखम रुपयाएवढी झाली.

आई म्हणाली, दवाखान्यात चला. दादा म्हणाले, "घरात पट्टी बनवणारी लेक असताना दवाखाना कशाला?" आणि मला फोन केला.

मी सरांना विचारलं. विचारायला दोन दिवस लागले.

सरांनी हातातली ताटली खाली ठेवली. "केवढी हाय जखम? पाणी सुटतंय? साखर किती? बोट लावलं तर कळतं का त्यांना?"

"नाही म्हणतात."

"मग आज दवाखान्यात ने. आज म्हणजे आज."

"सर, आपली पट्टी..."

"नाय."

"एक तुकडा दिला असता तर..."

"करमाड, माझी पट्टी ताटलीत चालते. तुझा बाप ताटली नाय." त्यांनी कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून दिलं, मोठ्या दवाखान्यात कोणत्या विभागात जायचं, कोणत्या दिवशी कोण डॉक्टर असतात. मी चिठोरं वहीत ठेवलं. मला फक्त 'नाय' ऐकू आलं होतं. कपाटात एवढ्या पट्ट्या पडून आहेत, सर त्या स्वतःच्या हातावर चिकटवून वाया घालवतात, आणि माझ्या दादांसाठी एक तुकडा नाही. मला त्यांचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा मला एका शिक्षकाचा राग आला आणि त्या रागात मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं.

शनिवारी सर लवकर गेले. चाचांनी मला भांडी ठेवायला कपाट उघडून दिलं. वरच्या कप्प्यातल्या डब्यांत पांढऱ्या पट्ट्या, खालच्यात पिवळ्या. वहीतलं वाक्य मला पाठ होतं, पण त्याचा अर्थ माझ्याकडे नव्हता. पिवळ्या पट्ट्या मला जुन्या, वापरलेल्या कापडासारख्या वाटल्या. पांढऱ्या कोऱ्या होत्या. दवाखान्यात सगळं पांढरंच असतं. कच्ची म्हणजे ताजी असेल, असं काहीतरी मी मनाशी म्हणाले. तीन पांढऱ्या पट्ट्या वहीच्या पानांत घालून मी गावाकडची गाडी पकडली.

दादांनी पाय पाटावर ठेवला. आईनं मिठाच्या कोमट पाण्यानं जखम पुसली. मी हात धुऊन, सर धरतात तशी चिमट्यात पट्टी धरून जखमेवर ठेवली. ती लगेच ओली झाली, काचेसारखी दिसायला लागली आणि बघता बघता कातडीशी एक होऊन गेली.

"प्याली की गं जखम तिला," दादा म्हणाले.

"दुखतंय का?"

"काय सुदिक कळत नाय." ते कौतुकानं हसले. "लई भारी पट्टी हाय."

ॲसिडनं दुसऱ्या कुणाला झोंबलं असतं, त्यानं पाय झटकन मागं ओढला असता.

सकाळी वरचं कापड सोडलं तर आत बुळबुळीत चिकट लगदा होता. हे असंच असतं, असं मला वाटलं. मी दुसरी पट्टी लावली. कॉलेजला फोन करून ताप आल्याचं कळवलं आणि घरीच राहिले. तिसऱ्या दिवशी आई हळूच म्हणाली, "वास येतोय गं."

"पट्टीचा आहे. आंबटच असतो. आमच्या सरांच्या अंगालाही येतो."

तो पट्टीचा वास नव्हता. आई गप्प बसली, कारण शिकलेली मी होते.

सहाव्या दिवशी दादांना थंडी वाजून ताप भरला. पाय वर घेतला तर काळसर रंग घोट्याकडे चढत होता. मोठ्या दवाखान्यात आधी बोटं काढली. मग गुडघ्याखालून पाय काढला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "यावर काय लावत होता?" आई म्हणाली, "हळद." मी शेजारी उभी होते. सरांचं चिठोरं माझ्या वहीत, माझ्या पिशवीत होतं.

पंधरा दिवसांनी मी कॉलेजात गेले. सर म्हणाले, "करमाड, बापाचं काय?"

मी सगळं सांगितलं. चोरीचंही सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी एकच विचारलं, "कुठली नेलीस?"

"पांढरी."

सर स्टुलावर बसले.

"ती कच्ची होती."

"हो सर."

"सांगितलं होतं मी."

"हो सर. कच्ची म्हणजे काय ते मी विचारलं नाही."

त्यांनी चाचांकडून कागद, कात्री आणि डिंक मागवला. त्या दिवशी पापड चांगला कोरडा होता, पण मशीन चालू झालं नाही. दुपारभर सर चिठ्ठ्या कापून पांढऱ्या पट्ट्यांच्या प्रत्येक डबीवर चिकटवत होते. स्वतःच्या हातानं, मोठ्या अक्षरात. 'कच्ची. पाण्यात विरघळते. माणसाला लावू नये.' अक्षर वाकडं आलं, की ते कागद फाडून पुन्हा लिहायचे. चाचांनी त्या दिवशी विनोद केला नाही.

एका रविवारी सर आमच्या घरी आले. सांगून आले नव्हते. गावात घर कसं शोधलं कोण जाणे, माझं नाव तर त्यांना माहीत नव्हतं. दादांनी खाटेवरून उठायची धडपड केली. दादांच्या पायाची पट्टी बदलायची वेळ झाली होती. सरांनी मोरीत जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, खाटेशी खाली बसले आणि दादांचा कापून उरलेला पाय दोन्ही हातांत उचलून धरला. आई दवाखान्यातली साधी सुती पट्टी गुंडाळत होती.

"सर, तुम्ही कशाला? लाजवता राव आम्हाला."

"धरू द्या," सर म्हणाले.

चहा झाल्यावर दादा म्हणाले, "सर, एक विचारू का? ही तुमची पट्टी पहिल्या दिवसापासून लावली असती, तर राहिला असता का पाय?"

सरांनी 'नाही' म्हणावं असं मला वाटत होतं. एकदाच खोटं बोलावं. इतकंसं.

सर दादांकडे बघत म्हणाले, "माहीत नाय."

"तुम्हाला नाय तर मग कुणाला?"

"अजून कुणालाच नाय."

दादा आईकडे वळून म्हणाले, "बघ. एवढा शिकलेला माणूस, पण थाप नाय मारत."

मी सरांना गाडीपर्यंत सोडायला गेले. जालना रोडच्या कडेला आम्ही उभे होतो. सर म्हणाले, "त्यांना सांगितलंस, कच्ची लावली होती ते?"

"नाही."

"मी नाय सांगणार. ते तुझं तू सांगायचं."

गाडी लांबून दिसायला लागली. तेव्हा मी विचारलं. त्यांना आपण होऊन विचारलेला माझा तो पहिला प्रश्न असेल. "सर, तुम्ही सांगितलं त्याच दिवशी मी दवाखान्यात नेलं असतं, तर?"

सरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून शर्टाच्या बाहीला पुसला. "तेही माहीत नाय असंच म्हणायला पाहिजे मी," ते म्हणाले. गाडी थांबली. पायरीवर एक पाय ठेवून ते वळले. "पण ते मला थोडं माहीत हाय, करमाड."

आणि ते गेले.

त्या वर्षानंतर सरांची नेमणूक पुढं वाढवली नाही. ते लासूर स्टेशनकडे कुठंतरी मुलांना रसायनशास्त्र शिकवतात असं चाचा सांगतात. तिथं वर्गात सगळेच लासूरचे. ते हाक कशी मारत असतील, असा विचार कधी कधी माझ्या मनात येतो. प्रयोगशाळेत मशीनवर निळं प्लास्टिक घातलंय. ताटल्या धुऊन ठेवल्यात. पापड अजून खिळ्याला आहे. पावसाळ्यात तो मऊ पडून लोंबतो, कुणी मोडून बघत नाही. कपाटातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्याही तशाच आहेत. मी त्या वाचते. माझं शेवटचं वर्ष आहे, तरी रोज एकदा वाचते.

दादांना मी अजून सांगितलेलं नाही. प्रत्येक वेळी गावी जाताना सांगायचं ठरवून जाते. दादा दारात खाट टाकून बसलेले असतात, कुबडी भिंतीला टेकवलेली. रस्त्यानं कुणी गेलं की त्याला थांबवून सांगतात, "ही माझी लेक. जखमेची पट्टी बनवती." ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो, मग त्यांच्या पायाकडे, आणि पुढं जातो.

मागच्या वेळी मी त्यांच्याजवळ बसले तेव्हा त्यांनी विचारलं, "झाली का गं तुमची पट्टी?"

मी तोंड उघडलं. सगळं वाक्य तयार होतं.

"अजून कच्ची आहे, दादा."

"मग पिकू दे की," ते म्हणाले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "घाई नको करू. मला कुठं जायचंय?"